डावखुरा शिकारी, सरळ काडतूस: एका लिव्हर-ॲक्शन खरेदीचं प्रकरण

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या आतेभावाने हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळची लिव्हर खाली-वर करून काडतूस चढवायची रायफल घ्यायचं ठरवलं आणि सल्ल्याला मला धरलं. तो मिशिगनमध्ये राहतो, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलिंग बघतो. वय सेहेचाळीस, उंची जेमतेम साडेपाच फूट, डावखुरा, जवळचं वाचायला चष्मा लागू झालेला. आधीचे दोन हंगाम त्याने एका सहकाऱ्याची शॉटगन उसनी घेऊन काढले होते. आता त्याला स्वतःचं हत्यार हवं होतं, आणि हजार-बाराशे डॉलरच्या वर जायचं नव्हतं.

बंदूक त्याला नवी नाही. कुडाळकडच्या घरी आत्याच्या सासऱ्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिचं काम उरलं ते भातात उतरलेल्या डुकरांना आवाज काढून पळवण्याचं. मिशिगनचं म्हटल्यावर आतोबांनी फोनवरून निकाल देऊन टाकला, ‘जनावराक बाराचीच व्हयी,’ म्हणजे बारा बोअरची शॉटगनच हवी. मिशिगनच्या दक्षिण भागात २०१४ पर्यंत कायदाही जवळपास हेच म्हणत होता, हे आतोबांना ठाऊक असायचं कारण नाही.

रायफलीआधी मी त्याला जागा विचारली. तो जातो ते वॉटर्लू रिक्रिएशन एरियात, जॅक्सन आणि वॉशटेनॉ या दोन काउंटींवर पसरलेलं वीस हजार एकरांच्या वरचं सरकारी रान. ओकची झाडी, मधूनमधून दलदल, दलदलीच्या काठाने अंगाला ओरबाडणारी झुडपं. तो बसतो तिथून एका बाजूला साठ पावलांवर दलदलीची कड आणि दुसऱ्या बाजूला फार तर ऐंशी यार्डांपर्यंत मोकळी दिसणारी जनावरांची वाट. त्यापलीकडे हरीण आलं तरी दिसतं ते तुकड्या-तुकड्यांनी: एक कान, पाठीची रेघ, पाय. तेव्हा पल्ला ठरलेला होता, ऐंशी यार्ड, क्वचित शंभर. दोनशे यार्डांवर नेम धरणारी रायफल तिथे ओझं वाहण्यापलीकडे कामाची नाही.

त्याच्या मनात मात्र .४५-७० काडतुसाची रायफल भरली होती. मार्लिन कंपनीची १८९५, जाड नळी, अंगठ्याएवढं काडतूस. अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलेलं हे काडतूस आजही अस्वलापर्यंत सगळ्याला पुरतं. दुकानदाराने ते हातात दिलं की माणूस विरघळतोच. दुसऱ्या क्रमांकावर होती विंचेस्टर १८९४, .३०-३० मधली. जॉन ब्राउनिंगने रचलेली ही रायफल आणि १८९५ साली बाजारात आलेलं तिचं काडतूस, या जोडीने अमेरिकेत शतकभर किती हरणं पाडली त्याला गणती नाही. ‘लिव्हर-ॲक्शन घ्यायची तर .३०-३०च’ असं सांगणारा म्हातारा शिकारी तिकडे प्रत्येक गावात भेटतो. उत्तर मिशिगनात तो बरोबरच सांगतो.

जॅक्सन काउंटी दक्षिणेत आहे. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाचा दक्षिण पट्टा २०२४ मध्ये ‘मर्यादित शस्त्र विभागा’त मोडत होता. सपाट शेती, जवळजवळ घरं, म्हणून लांब जाणाऱ्या रायफलींना तिथे मनाई होती. पूर्वी फक्त शॉटगन, ठासणीच्या बंदुका आणि काही पिस्तुलं चालायची. २०१४ पासून रायफलही चालू लागली, पण काडतुसाला अटी होत्या: गोळीचा व्यास .३५ इंच किंवा जास्त, पितळ (काडतुसाचं कवच) सरळ अंगाचं, म्हणजे तोंडाशी बाटलीसारखी मान नसलेलं, आणि त्या पितळाची लांबी किमान १.१६ व कमाल १.८० इंच. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने खिशातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचा गेज, काढला. कारखान्यातली सवय. .३०-३० ला मान आहे आणि गोळी .३०८ ची, म्हणजे ती दोन्हीकडून बाद. मग त्याने .४५-७० चं रिकामं पितळ व्हर्निअरच्या जबड्यात धरलं. २.१०५. त्याने पुन्हा शून्य तपासून पुन्हा मोजलं. तीन दशांश इंचाने ते काडतूस बाहेर पडलं. .४४४ मार्लिन आणखी लांब, तेही गेलं. .३५ रेमिंग्टनला मान असल्याने त्याचाही विचार संपला. लिव्हर-ॲक्शनच्या इतिहासातली बहुतेक मानाची काडतुसं अशी त्या ओट्यावरच निकालात निघाली. माझ्या मते सुरुवात अशीच व्हावी. लोक आधी रायफलीच्या प्रेमात पडतात आणि मग नियमाच्या पुस्तिकेत पळवाट शोधत बसतात.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा होता, आणि आम्ही तो विचारला: लिव्हर-ॲक्शन कशाला? .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर ही सरळ काडतुसं याच नियमात बसतात आणि त्यांच्या बोल्ट-ॲक्शन (बाजूची मूठ मागे-पुढे ओढून चालणाऱ्या) रायफली स्वस्त मिळतात. वर दुर्बीण लावली तर नेमही जास्त बारीक. उजवा शिकारी असता तर मी त्याला तीच घ्यायला लावली असती आणि हे प्रकरण दोन परिच्छेदांत आटोपलं असतं. पण उजव्या बोल्टवर डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडे न्यावा लागतो, आणि या काडतुसांत डावी बोल्ट शोधणं म्हणजे वाट बघत बसणं. लिव्हरला डावं-उजवं नसतं. ती नळीच्या रेषेत खाली असते, ज्या हाताचा चाप त्याच हाताने चालते. शिवाय रायफल चपटी, बाजूला बोल्टची मूठ नाही, झुडपातून जाताना काही अडकत नाही.

काडतुसांत आम्ही तीन नावं धरली. .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि २०२३ साली आलेलं .३६० बकहॅमर.

.३५७ च्या बाजूने मोठा मुद्दा सरावाचा. त्या रायफलीत .३८ स्पेशल चालतं. ते स्वस्त, आवाजाला आणि धक्क्याला इतकं सौम्य की दिवसभर मारत बसा. रायफलीच्या लांब नळीतून .३५७ ची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला अठराशे फुटांच्या आसपास जाते, पिस्तुलापेक्षा कितीतरी जास्त. साठ यार्डांवर शांत उभ्या हरणाला ती पुरते. पण हरीण तिरकं उभं असलं, गोळीला खांद्याचं हाड लागलं, की पुरेसं आणि अपुरं यांतलं अंतर कमी उरतं. बकहॅमर दुसऱ्या टोकाला. ते .३०-३० च्या पितळापासूनच बनवलेलं, पण मान काढून टाकलेलं आणि लांबी बरोबर १.८० इंच. मिशिगनची अट समोर ठेवूनच ते आखलं असावं असं वाटतं. १८० ग्रेनची गोळी २,४०० फूट वेगाने. कागदावर या तिघांत सरस तेच. पण काडतुसं बनवणारे मोजके, गावच्या दुकानात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डबा मिळेलच याची खात्री नाही, आणि हा जादा वेग ऐंशी यार्डांच्या वाटेवर खर्चायचा कुठे? दीडशे यार्डांच्या शेतबांधावर बसणाऱ्याला मी बकहॅमरच सांगेन.

.४४ मॅग्नम १९५५ चं, मुळात पिस्तुलासाठी. वीस इंची नळीतून २४० ग्रेनची गोळी साधारण १,७५० फुटांनी निघते, आणि तिची ताकद .३५७ च्या जवळपास दीडपट भरते. सात पौंडांच्या रायफलीत धक्का बारा बोअर शॉटगनच्या स्लगपुढे, म्हणजे तिच्या एकसंध जड गोळीपुढे, काहीच नाही. काडतूस जवळपास प्रत्येक दुकानात असतं. त्याचं दुखणं म्हणजे शंभर यार्डांपुढे गोळी भराभर खाली येते. शंभरवर निशाण जुळवलं तर पन्नासवर ती इंचभर वर लागते आणि दीडशेवर सहा-सात इंच खाली. आमच्या वाटेवर याने काही बिघडत नव्हतं.

‘आणि दादा, जाड गोळी झुडपातून सरळ जाते ना?’ हे त्याने विचारलंच. सगळेच विचारतात. नाही जात. हलकी-वेगवान असो की जड-संथ, फांदीला लागलेली गोळी वळते, आणि फांदी हरणापासून जितकी दूर तितकी चूक मोठी होते. जाड गोळीबद्दलची ही समजूत लिव्हर-ॲक्शनइतकीच जुनी आहे आणि तिच्यामुळे दरवर्षी जनावरं जखमी होऊन दलदलीत मरतात. मोकळी फट असेल तर मार, नसेल तर बसून राहा.

गोळीच्या टोकाबद्दलही बोलणं झालं. या लिव्हर-ॲक्शन रायफलींचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा, नळीखालच्या दुसऱ्या नळीत असतं. काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या बुडाला असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला मागच्याचं टोक टेकलेलं. तिथे अणकुचीदार कठीण टोक घातलं तर धक्क्याने पुढची टोपी फुटू शकते. म्हणून चपट्या नाकाच्या गोळ्या, किंवा हॉर्नडी कंपनीची मऊ रबरी टोकाची. त्याने साधी चपटी घेतली.

मग दुकानं. आम्ही तीन रायफली हाताळल्या. ब्राझीलची रॉसी आर-९२ सर्वांत हलकी आणि सर्वांत स्वस्त, विंचेस्टर १८९२ च्या रचनेची, खांद्याला लावली की जागच्या जागी बसणारी. पण तिचं रिकामं पितळ वरून उडतं, त्यामुळे पुढे कधी दुर्बीण लावायची झाली तर नेहमीच्या जागी ती बसत नाही. सेहेचाळिशीच्या डोळ्यांना हा दरवाजा बंद करू नये असं माझं मत पडलं.

दुसरी मार्लिन १८९४. माथा बंद, पितळ बाजूने बाहेर, वर दुर्बीण सरळ बसते. मार्लिनचं घराणं मोठं. पण २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने ते विकत घ्यायचं ठरवलं, २०११ मध्ये कनेक्टिकटमधला जुना कारखाना बंद झाला, आणि त्यानंतर काही वर्षं बाहेर पडलेल्या रायफलींच्या जुळणीबद्दल गिऱ्हाइकांनी बरीच ओरड केली. २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीतून मार्लिन रूगरकडे गेली आणि आता उत्तर कॅरोलायनात बनते. रूगरकडच्या नव्या रायफली नीटस आहेत, हे हातात घेतल्यावर कळतं. .४४ मधल्या जुन्या मार्लिनच्या नळीतला गोळीला फिरवणारा पीळ ३८ इंचांत एक फेरा असा संथ होता, जड गोळ्या तिला मानवत नसत. नवीचा २० इंचांत एक. जुनी घ्यायची असेल तर हे ध्यानात असावं. आम्हाला नवीच बघायची होती, आणि ती आमच्या आकड्याच्या बाहेर जात होती.

तिसरी हेन्रीची ‘बिग बॉय’, पितळी नव्हे, पोलादी. पितळी दिसायला लग्नातल्या समईसारखी आणि वजनाला साडेआठ पौंडांच्या वर. पोलादी सात पौंड. नळी वीस इंच, माथा बंद. किंमत हजाराच्या घरात. पण निवड ठरली ती वेगळ्याच गोष्टीवर.

मार्लिन किंवा रॉसी भरायची तर उजव्या बाजूच्या खिडकीतून एकेक काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं. डावखुरा माणूस रायफल आडवी करून, हात पलीकडे नेऊन हे करतो. जमतं, पण हातमोज्यात काडतूस खाली पडतं. रिकामी करताना मात्र हात कुठलाही असो, लिव्हर मागे-पुढे करून प्रत्येक जिवंत काडतूस नळीच्या मागे आणून बाहेर फेकावं लागतं. मिशिगनात गाडीत भरलेली बंदूक चालत नाही, आणि शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. म्हणजे रोज संध्याकाळी, अंधारात, गारठलेल्या बोटांनी हा खेळ. या हेन्रीत बाजूची खिडकीही आहे आणि मॅगझिनची आतली पितळी नळी पुढून उपसायची सोयही आहे. नळी ओढली, रायफल कलती केली, काडतुसं ओंजळीत. आत एकच उरलं असेल तर तेवढं लिव्हरने काढायचं. डावं-उजवं काही नाही. फक्त नळी ओढताना तोंड आणि हात रायफलीच्या तोंडासमोर येऊ द्यायचा नाही, यावर मी त्याला दुकानातच तीनदा टोकलं. दुकानदार हसला, पण त्यानेही मान डोलावली.

घोड्याचा मुद्दा याला लागूनच येतो. या रायफलींवर घोडा, म्हणजे पिनेवर आपटून काडतूस उडवणारा भाग, उघडा असतो. काडतूस चढवून घोडा ताणलेला आहे, हरीण निघून गेलं, आता घोडा हलकेच खाली सोडायचा: चाप दाबायचा आणि अंगठ्याने घोडा आवरायचा. या रायफलींत अपघाताची भीती याच क्षणी असते. मार्लिनवर अर्ध्या ताणाचा टप्पा आहे आणि आडवं बटण आहे. हेन्रीवर बटण नाही, आत ट्रान्सफर बार आहे. चाप मागे ओढलेला असल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचतच नाही, म्हणून खाली सोडलेल्या घोड्यावर मार बसला तरी बार उडत नाही. पण सोडताना अंगठा निसटला तर कुठलाही ट्रान्सफर बार वाचवत नाही. त्याने ऑगस्टभर घरी, रायफल रिकामी असल्याची दुहेरी खात्री करून आणि नळी तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीकडे ठेवून, हातमोज्यांसकट हे करून पाहिलं. जाडे हातमोजे बाद झाले, अंगठा उघडा राहणारे आले.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद, आणि त्या वाटेने जाणाऱ्याने आधी वकिलाला विचारावं. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनात रायफलीसाठीही पोलिसांकडून खरेदी-परवाना लागतो, तो त्याने काढला. घरात बारा वर्षांचा मुलगा, त्यामुळे त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे कुलूपही सक्तीचं. वहिनीची अट त्याहून कडक होती: कपाटाची किल्ली तिच्याकडे.

निशाण जुळवायला तो ग्रास लेकजवळच्या शॅरनव्हिलच्या सरकारी रेंजवर गेला. ऑगस्टच्या उकाड्यात मी त्याला हिवाळी जाकीट घालायला लावलं. शेजारच्या बाकावरचे लोक बघत राहिले. पण त्यातूनच कळलं की चौदा इंचाचा दस्ता त्याला लांब पडतोय, जाकिटात बूड काखेत अडकतंय. शिवाय कारखान्याकडून आलेला नेम धरायचा मागचा खाचा त्याला धूसर दिसत होता. चाळिशीच्या डोळ्याला माशी (नळीच्या टोकावरचं पुढचं निशाण), खाचा आणि सावज ही तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. दुर्बीण हा एक उपाय होता, पण ती लावली की डोळा वर घ्यावा लागतो आणि या दस्त्यावर गाल हवेत राहतो. आम्ही मागे भोकाचं निशाण लावलं, मोठ्या भोकाचं. त्यातून बघताना डोळा आपोआप मध्य धरतो, लक्ष फक्त माशीवर ठेवायचं. साध्या खाच्यावर त्याच्या गोळ्या पन्नास यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढ्या पसरत होत्या, भोकातून त्या बशीत आल्या. हरणाचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा. ऐंशी यार्डांवर उभ्याने, झाडाला टेकून, तो त्यात राहू लागल्यावर मी सल्ले देणं थांबवलं.

हंगाम सुरू व्हायचा दिवस, १५ नोव्हेंबर, शुक्रवारी आला. पहिल्या दिवशी सरकारी रानात हरणांपेक्षा नारिंगी जाकिटं जास्त दिसतात. शनिवारी एक नर शंभर-एक यार्डांवर झुडपांमागे आला, मान आणि शिंगं मोकळी, छाती फांद्यांआड. त्याने रायफल वर घेतलीच नाही. रविवारी संध्याकाळी, उजेड सरता-सरता, एक मादी दलदलीच्या काठाने चाळीस यार्डांवर आली. घोडा ताणल्याचा ‘खट्’ तिने ऐकला आणि मान वर केली. तशीच आडवी थांबली. बार झाला, ती उडी मारून पळाली आणि पन्नास-साठ यार्डांवर पडलेली सापडली. गोळी आरपार गेली होती, मागावर रक्त भरपूर होतं, टॉर्चच्या उजेडात शोधायला अडचण आली नाही. टॅग लावला, बहात्तर तासांच्या आत द्यायची नोंद त्याच रात्री ऑनलाइन केली. मटणाची वाटणी नंतर झाली. विकता येत नाही, वाटता येतं.

हंगामानंतर दोन बदल केले. माशीचा पितळी मणी संध्याकाळी काळवंडत होता, तो काढून उजेड धरणारी हिरव्या कांडीची माशी बसवली. दस्ता अर्धा इंच कापून मागचं रबर पुन्हा जोडलं, गावातल्या बंदूक-कारागिराकडून. थंडीतून उबदार घरात आणलेल्या पोलादाला घाम सुटतो आणि नळीवर तांबूस ठिपके येतात, म्हणून आता रायफल रात्री खोळीसकट गॅरेजमध्येच, कुलपात राहते. काडतुसं त्याने त्याच बनावटीची, त्याच वजनाची आणखी चार डबे घेऊन ठेवली आहेत. दुसऱ्या कंपनीची २४० ग्रेनचीच गोळी रेंजवर पन्नास यार्डांवर दोन इंच डावीकडे लागली होती.